वाचकांचे प्रश्न : माळ्यावरून उतरवलेला रेडिओग्राम आणि आणखी काही यंत्रे

गेल्या अंकात आम्ही घरातील जुन्या स्टीरिओ यंत्रांविषयी प्रश्न मागवले आणि नंदुरबारपासून रावेरपर्यंत संबंध खान्देशातून पत्रे आली. बहुतेक पत्रांत एक वाक्य सारखेच आहे : ‘चालू करून पाहू का?’ या उत्साहाचा मला मनापासून आनंद आहे. परंतु दुरुस्तीसाठी माझ्यापुढे आलेल्या जळक्या ट्रान्सफॉर्मरांपैकी बरेचसे असे होते की, घरच्यांनी यंत्र माळ्यावरून उतरवले, कौतुकाने प्लग लावला आणि त्याच दिवशी ते जळाले. म्हणून पुढील उत्तरांत मी पुनःपुन्हा हेच सांगणार आहे की आधी यंत्र नीट वाचावे आणि मग त्याला वीज द्यावी. जागेअभावी सहाच पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : अमळनेरच्या आमच्या जुन्या घरात वडिलांचा रेडिओग्राम आहे. वर झाकण, आत रेकॉर्ड वाजवण्याची थाळी, समोर रेडिओची काच आणि खाली दोन्ही बाजूंना जाळीचे कापड आहे. कंपनीची पट्टी कधीच निघून गेली आहे. सुमारे तीस वर्षे तो बंद आहे. तो कोणत्या काळातला, स्टीरिओ आहे की नाही, हे कसे ओळखावे? माझा भाचा इलेक्ट्रिशियन आहे आणि तो लगेच चालू करून पाहू म्हणतो. (निवृत्त शिक्षिका, अमळनेर)

उत्तर : बाई, भाच्याला आठवडाभर थांबायला सांगावे. त्याला घरातील वायरिंगचे ज्ञान असेल यात शंका नाही, पण या पेटीच्या आत २५० ते ३०० व्होल्टचा एकदिश, म्हणजे डीसी, दाब तयार होतो, आणि प्लग काढल्यानंतरही तो कंडेन्सरांमध्ये काही काळ साठून राहू शकतो. म्हणून सेट एकदा चालू झाला की प्रशिक्षित माणसाखेरीज कोणीही आत हात घालू नये. सध्या तो वर्षानुवर्षे बंद आहे, प्लगही काढलेला आहे, तेव्हा केवळ पाहण्यासाठी मागचा पुठ्ठा उघडायला हरकत नाही.

त्याआधी समोरची काच वाचावी. लघुलहरी आणि मध्यमलहरींचे आकडे ‘किलोसायकल’, ‘मेगासायकल’ असे छापलेले आहेत की ‘किलोहर्ट्झ’, ‘मेगाहर्ट्झ’ असे, हे पाहावे. हर्ट्झ हे एकक आंतरराष्ट्रीय पातळीवर १९६० मध्ये स्वीकारले गेले आणि सेटांच्या काचेवर रुळायला आणखी काही वर्षे गेली. त्यामुळे काचेवर सायकल असेल तर सेट साधारणपणे १९७० च्या अलीकडचा नसावा. खटक्यांमध्ये ‘बॅलन्स’ नावाचा खटका असेल तर स्टीरिओ असण्याची शक्यता मोठी आहे. स्टीरिओच्या रेकॉर्डी १९५८ च्या सुमारास जगाच्या बाजारात आल्या, म्हणजे मूळचा स्टीरिओ रेडिओग्राम त्याच्या आधीचा असू शकत नाही. दोन बाजूंना जाळी आहे एवढ्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये. पुष्कळ एकसुरी, म्हणजे मोनो सेटांनाही शोभेसाठी दोन्हीकडे जाळी आणि आत दोन स्पीकर असत.

आता मागचा पुठ्ठा स्क्रू काढून अलगद बाजूला करावा. त्याच्या आतल्या अंगाला किंवा पेटीच्या तळाला चिकटवलेला कागद पुष्कळदा मिळतो, आणि त्यावर मॉडेलचा क्रमांक, व्हॉल्व्हची, म्हणजे तापून काम करणाऱ्या काचेच्या नळ्यांची, जागा, कधी कधी संपूर्ण सर्किटसुद्धा छापलेले असते. हा कागद सापडला तर त्याचा लगेच फोटो काढून ठेवावा, कारण तो हात लावताच भुगा होण्याइतका ठिसूळ झालेला असतो. कागद नसेल तर व्हॉल्व्हच आपली ओळख सांगतात. काचेवर ईसीएल ८२, ईएल ८४, ईझेड ८१ अशी अक्षरे असतील. ती कापडाने पुसू नयेत. पन्नास वर्षांपूर्वीची ती शाई बोटाच्या घासण्यानेही निघून जाते. अक्षरे पुसट असतील तर काचेवर तोंडाची वाफ सोडावी, म्हणजे वाफ विरताना अक्षरे क्षणभर उमटतात. माझ्या गुरूंनी मला शिकवलेली ही पहिली युक्ती आहे आणि आजही ती मी रोज वापरतो.

या अक्षरांना अर्थ आहे. पहिले अक्षर ‘ई’ असेल तर व्हॉल्व्हची तार ६.३ व्होल्टवर तापते आणि अशा सेटात बहुधा ट्रान्सफॉर्मर असतो. पहिले अक्षर ‘यू’ असेल, उदाहरणार्थ यूसीएल ८२ किंवा यूएल ८४, तर साऱ्या व्हॉल्व्हच्या तारा एकापुढे एक अशा साखळीत जोडून थेट घरच्या विजेवर चालवलेल्या असतात. अशा सेटाचा लोखंडी सांगाडाच, म्हणजे चॅसिस, विजेच्या एका तारेला जोडलेला असतो. प्लग उलटा बसला की सांगाड्यात करंट येतो आणि निघून गेलेल्या बटणाच्या उघड्या दांडीला हात लागला तरी जिवावर बेतू शकते. भाच्याने ही एक गोष्ट पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यापुढच्या अक्षरांत ‘सी’ म्हणजे क्षीण संकेत वाढवणारा ट्रायोड, ‘एल’ म्हणजे स्पीकर चालवणारा शक्तीचा पेंटोड, ‘झेड’ म्हणजे एसीचे डीसी करणारा पूर्णलहरी रेक्टिफायर आणि ‘एम’ म्हणजे स्टेशन नेमके लागले की हिरव्या उजेडातली काळी फट मिटवणारा तो ‘जादूचा डोळा’.

समजा ईसीएल ८२ दोन आहेत. तरी सेट स्टीरिओच असेल असे नाही, कारण दोन सारखे व्हॉल्व्ह जोडीने एकाच स्पीकरसाठीही राबवले जातात. अशा वेळी व्हॉल्व्हांजवळचे लहान, लोखंडी पट्ट्यांचे आउटपुट ट्रान्सफॉर्मर मोजावेत. एकच असेल तर जोडीने काम करणारा मोनो, दोन असतील तर स्टीरिओ. याची खात्री रेकॉर्डच्या बाजूनेही होते : आर्मच्या टोकाशी असलेल्या, सुई धरणाऱ्या कार्ट्रिजला दोनच तारा असतील तर मोनो, चार असतील तर स्टीरिओ. चार तारांचे रंग पांढरा, निळा, तांबडा आणि हिरवा असे असतात. पहिले दोन डाव्या बाजूचे आणि दुसरे दोन उजव्या बाजूचे.

वयाचा आणखी एक पुरावा व्हॉल्व्हवरील नावातून मिळतो. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओचे व्हॉल्व्ह १९६१ मध्ये बनवायला घेतले, त्यामुळे ‘बीईएल’ छापलेला व्हॉल्व्ह त्यानंतरचा हे निश्चित. मात्र व्हॉल्व्ह बदलले जात असत, म्हणून एका व्हॉल्व्हवर भरवसा न ठेवता सगळ्यांची नावे आणि कंडेन्सरांवर छापलेल्या तारखा एकमेकींशी ताडून पाहाव्यात. प्रत्येक व्हॉल्व्हच्या काचेवर आतून चांदीसारखा चकाकणारा डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे आणि तो व्हॉल्व्ह गेला.

वीज देण्याची पाळी यानंतर येते, आणि तीही अनुभवी रेडिओ मेकॅनिकच्या हातून. त्याला आधी दोन प्रकारचे कंडेन्सर तपासायला सांगावेत. डब्यासारखे उभे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून सुकलेले असतात. मेण लावलेले कागदी कंडेन्सर मात्र त्याहून घातक असतात, कारण त्यांतून विजेची गळती झाली की आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे आतल्या नियंत्रक जाळीवर, नको तो दाब येतो, व्हॉल्व्हची पत्री तापून लाल होते आणि पाठोपाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. कंडेन्सर अल्प किमतीत मिळतो. त्या काळचा ट्रान्सफॉर्मर मिळत नाही. हे झाल्यावर रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून ठेवून, १०० वॉटचा तारेचा जुना बल्ब सिरीजमध्ये लावून सेट चालू करावा. एलईडीचा बल्ब येथे उपयोगाचा नाही. बल्ब मंद तेवत राहिला तर मुख्य ट्रान्सफॉर्मर शाबूत आहे असे समजावे आणि पुढे जावे. बल्ब पूर्ण प्रखर राहिला तर आत शॉर्ट आहे, तेव्हा लगेच बंद करावे. मेकॅनिककडे डिमरस्टॅट, म्हणजे विजेचा दाब हळूहळू वाढवण्याचे यंत्र, असेल तरी हा बल्ब लावायला सांगावाच.

काढलेले जुने सुटे भाग फेकू न देता एका पिशवीत घालून पेटीतच ठेवावेत. पेटीला नवे पॉलिश करण्याची घाई करू नये. वाळवी लागली आहे का तेवढे तळाशी आणि पायांपाशी टोचून पाहावे. आणि आपल्याकडे अशा सेटावर क्रोशाचा रुमाल किंवा भरतकामाचे आवरण घालण्याची जी पद्धत आहे, ती सेट बंद असताना चांगली आहे. चालू असताना मात्र मागची आणि वरची हवा मोकळी असली पाहिजे.

प्रश्न : आमच्याकडे एच.एम.व्ही.चा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर आहे. थाळी फिरते, पण आवाज अगदीच चिरका आणि क्षीण येतो. सेलच्या डबीत हिरवट-पांढरा थर जमला आहे. सुई बदलली तरी फरक पडला नाही. (वाचक, जळगाव)

उत्तर : सुई नव्हे, कार्ट्रिजच गेले असण्याची शक्यता अधिक आहे, आणि त्याचे कारण आपल्या जिल्ह्याचा उन्हाळा असू शकते. या प्रकारच्या यंत्रांत क्रिस्टल किंवा सिरॅमिक जातीचे कार्ट्रिज असते. क्रिस्टल जातीत रोशेल सॉल्ट नावाचा क्षार असतो आणि तो सुमारे ५५ अंशांच्या पुढे आपले पाणी सोडून निकामी होतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला बाहेरच पारा ४५ च्या वर जातो, मग पत्र्याखालच्या माळ्यावर काय होत असेल ते सांगायला नको. म्हणून नवे कार्ट्रिज घेताना सिरॅमिक जातीचेच घ्यावे. ते उष्णतेला आणि दमटपणाला पुष्कळ अधिक टिकते.

बाजूला उलटवण्याची छोटी दांडी असेल तर एका बाजूला ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डची जाड सुई आणि दुसऱ्या बाजूला एलपीची बारीक सुई आहे असे समजावे. दोघींच्या टोकांत तिप्पट किंवा त्याहून अधिक फरक असतो : ७८ साठी सुमारे ७५ मायक्रॉन, एलपीसाठी २५ किंवा त्याहून कमी. जाड सुईने एलपी वाजवल्यास ती रेकॉर्ड कायमची खराब होते. नीलम, म्हणजे सफायर सुई असेल तर ती सुमारे पन्नास तासांत झिजते. हिऱ्याची सुई पाचशे ते हजार तास चालते.

सुईचा भार मोजायला आपल्या गावासारखे सोयीचे गाव दुसरे नाही. कोणत्याही ओळखीच्या सराफाकडे शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा असतो. तो काटा थाळीशेजारी अशा उंचीवर ठेवावा की त्याचे पारडे रेकॉर्डच्या पृष्ठभागाच्या पातळीत येईल, आणि सुई हलकेच पारड्यावर टेकवावी. सिरॅमिक कार्ट्रिजला सर्वसाधारणपणे पाच ग्रॅमच्या आसपास भार लागतो. आठ-नऊ ग्रॅम दिसला तर आर्मची स्प्रिंग सैल पडली आहे असे समजावे आणि ती नीट होईपर्यंत एलपी लावू नये.

डबीतला थर जुन्या जस्ताच्या सेलांचा असेल तर तो आम्लधर्मी असतो. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून, कापसाच्या बोळ्याने पट्ट्या पुसाव्यात, मग कोरड्या करून बारीक पॉलिश पेपरने चकाकी आणावी. अल्कलाईन सेल गळलेले असतील तर सोड्याऐवजी व्हिनेगर वापरावे.

प्रश्न : भावाने अमेरिकेहून परतताना जुना टर्नटेबल आणला. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावूनच तो चालवतो, तरी गायिकेचा आवाज जड आणि ओढल्यासारखा येतो. शिवाय टीव्हीच्या साउंडबारला जोडला की आवाज कुजबुजीइतकाच येतो. यंत्र बिघडले आहे का? (रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

उत्तर : यंत्र बहुधा ठणठणीत आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, विजेची वारंवारता बदलत नाही. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ आहे, आपल्याकडे ५०. आपल्या टर्नटेबलात सिंक्रोनस मोटर असेल तर ती वारंवारतेच्या तालावर फिरते, म्हणजे येथे पाच षष्ठांश वेगाने. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी थाळी सुमारे २७.८ फेऱ्याच घेते. घरात हार्मोनियमची पेटी असेल तर पडताळा घेता येईल : काळी चारमध्ये गायलेली रेकॉर्ड जवळजवळ पांढरी चारवर उतरलेली ऐकू येईल, कारण स्वर तीन पट्ट्यांहून किंचित अधिक खाली येतो.

यावर खरा उपाय म्हणजे मोटरच्या दांडीवरची पितळी पुली बदलणे. ५० हर्ट्झसाठीची पुली १.२ पट व्यासाची असते आणि अनेक कंपन्यांनी दोन्ही प्रकारच्या पुली बनवल्या होत्या. पट्ट्याला कागद गुंडाळून किंवा पुलीवर टेप चिकटवून वेग वाढवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. त्याने सूर डळमळतो. डायरेक्ट ड्राइव्ह किंवा डीसी मोटरच्या यंत्रांना हा प्रश्न येत नाही, म्हणून आधी तळाशी मोटरचा प्रकार पाहावा. थाळीच्या कडेवर रेघांची कडी असेल तर ती मोजावी : ५० हर्ट्झच्या उजेडात ३३⅓ साठी १८० रेघा लागतात, ६० हर्ट्झसाठी २१६. या रेघा पाहण्यासाठी तारेचा बल्ब किंवा निऑनचा छोटा दिवा हवा. घरातील पुष्कळसे एलईडी दिवे विजेच्या तालावर लुकलुकत नाहीत, त्यामुळे त्यांच्या उजेडात रेघा स्थिर दिसणारच नाहीत.

कुजबुजीचे कारण निराळे आहे. चुंबकीय कार्ट्रिज केवळ तीन ते पाच मिलिव्होल्ट देते. शिवाय रेकॉर्ड कोरताना खर्ज मुद्दाम कमी आणि तार स्वर अधिक केलेले असतात; हा फेरफार वाजवताना उलटा करावा लागतो आणि त्याची रीत १९५४ पासून ‘आरआयएए’ या नावाने ठरलेली आहे. हे काम फोनो प्रीॲम्प्लिफायर करतो. जुन्या ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे ‘फोनो’ लिहिलेले छिद्र असते ते यासाठीच. साउंडबारला ते नसल्याने मध्ये स्वतंत्र प्रीॲम्प्लिफायर घ्यावा. टर्नटेबलमधून बाहेर येणारी टोकाला चिमटा असलेली बारीक तार ‘जीएनडी’ लिहिलेल्या स्क्रूला जोडायला विसरू नये. ती सुटलेली असली की घरघर येते, आणि आर्मला हात लावला की ती घरघर बदलते. घरघरीचा हा प्रकार ओळखण्याची ही सोपी खूण आहे. आवाज पूर्ण शून्यावर नेल्यावरही घरघर तशीच राहत असेल तर दोष ॲम्प्लिफायरच्या फिल्टर कंडेन्सरांत आहे.

प्रश्न : आजोबांच्या सुमारे दीडशे रेकॉर्डी आहेत, काही जड आणि ठिसूळ, काही लवचिक. आमचे घर जिनिंगजवळ आहे आणि कापसाच्या हंगामात सर्वत्र बारीक धूळ बसते. रेकॉर्डी स्पिरिटने पुसल्या तर चालतील का? (वाचक, शहादा)

उत्तर : जड आणि ठिसूळ रेकॉर्डींना स्पिरिटचा थेंबही लावू नये. त्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डी लाखेच्या आहेत, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फर्निचरचे पॉलिश त्यापासूनच तर बनते. आपल्या सातपुड्यात ज्या पळसाच्या आणि बोरीच्या झाडांवर लाखेचे किडे वाढतात, त्याच जातीच्या लाखेत खनिजाची पूड मिसळून अशा रेकॉर्डी दाबल्या जात. एलपीला, म्हणजे लवचिक व्हिनिल रेकॉर्डीला, सौम्य प्रमाणात आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते, पण हात धुण्याचा सॅनिटायझर चालत नाही, कारण त्यात ग्लिसरिन असते.

दोन्हींसाठी सुरक्षित रीत अशी की, डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासण्याच्या द्रवाचे दोन-तीन थेंब घालून, मऊ केसांच्या ब्रशने रेघांच्या दिशेने गोल फिरवत पुसावे आणि पुन्हा साध्या डिस्टिल्ड वॉटरने धुवावे. बोअरचे पाणी मुळीच वापरू नये. त्यातला क्षार रेघांत वाळून बसतो आणि पुढे सुई त्यावर कायम तडतडते; भांड्यांच्या कडांवर पांढरे चट्टे पाडणारे तेच पाणी आहे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्यासाठी दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर पुरेसे आहे. मधला छापील कागद भिजू देऊ नये. रेकॉर्डी सावलीत उभ्या करून वाळवाव्यात आणि नंतरही उभ्याच ठेवाव्यात; आडवा ढीग केला की खालच्या रेकॉर्डी वाकतात, आणि उन्हाळ्यात तर हमखास वाकतात.

प्रश्न : मोठ्या स्पीकरांच्या कागदी कोनाभोवतीची कड हात लावताच चुरा होऊन पडली. ओळखीचे लोक म्हणतात, टाकून द्या. (विद्यार्थी, धुळे)

उत्तर : टाकू नका. गळून पडलेली कड फोमची होती आणि फोम दहा-वीस वर्षांत असाच विरतो. त्यात स्पीकरचा दोष नाही. दोन्ही अंगठे कोनाच्या मध्यभागाच्या दोन बाजूंना ठेवून तो अगदी सरळ आत दाबून पाहावा. घासल्याचा आवाज आला नाही तर आतले कॉइल चांगले आहे आणि नवी फोमची कड चिकटवून स्पीकर पूर्वीसारखा होतो. मापासाठी कोनाचा आणि बाहेरच्या चौकटीचा, असे दोन्ही व्यास मोजून ठेवावेत. मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाणे झाले तर हीच मापे विचारली जातील. कड चिकटवल्यावर १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा : सेलचे धन टोक स्पीकरच्या तांबड्या खुणेला लावल्यावर कोन बाहेर आला पाहिजे. दोन्ही स्पीकरांत हे एकसारखे नसेल तर खर्ज हरवतो आणि गाणे पोकळ वाटते. कापडी घडीची कड असलेले स्पीकर पुष्कळ टिकतात, त्यांना हात लावण्याची गरज नाही.

प्रश्न : काकांनी कुवेतहून आणलेला जपानी रिसीव्हर (रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकत्र असलेला सेट) आमच्या शेतातल्या घरी आहे. आवाजाचे बटण फिरवताना खरखर होते, मधूनच उजवी बाजू बंद पडते. आमच्याकडे दाब कधी १८०, तर रात्री पंप बंद झाले की २५० पर्यंत जातो. (केळी उत्पादक, रावेर)

उत्तर : सुरुवात दाबापासून करू. आखाती देशांतून आलेल्या सेटांच्या पाठीमागे बहुधा व्होल्ट निवडण्याचा गोल खटका असतो. प्लग काढून तो पाहावा. तो २२० वर असेल तर २४० वर न्यावा, कारण २२० वर ठेवलेल्या सेटाला २५० व्होल्ट मिळाले की आतले सर्व दाब सुमारे १४ टक्क्यांनी वाढतात आणि त्याचा मार आधीच म्हाताऱ्या झालेल्या कंडेन्सरांवर बसतो. खटका नसेल आणि पाटीवर १०० व्होल्ट लिहिलेले असेल तर तो खास जपानसाठीचा सेट आहे. त्याचा एफएम पट्टाही ७६ पासून सुरू होतो आणि ९० च्या आसपास संपतो, ही त्याची दुसरी खूण. अशा सेटाला पाटीवरील वॉटच्या दुप्पट क्षमतेचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर हवा. आपल्यासारख्या ठिकाणी सर्व्हो स्टॅबिलायझर घेणे योग्य ठरेल.

उजवी बाजू नेमकी कोठे तुटते हे घरीच शोधता येते. सेट बंद करून मागे येणाऱ्या डाव्या-उजव्या तारा आपसात बदलाव्यात. आता डावी बाजू बंद पडू लागली तर दोष टर्नटेबलात, डेकमध्ये किंवा तारेत आहे. उजवीच पडत राहिली तर तारा पूर्ववत करून स्पीकरांची अदलाबदल करावी. तरीही रिसीव्हरची उजवी बाजूच जात असेल तर दोष रिसीव्हरमध्ये, आणि खरखर ऐकून मला तो बटणांच्या आतल्या पॉटमध्ये, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या रोधकामध्ये, आणि खटक्यांमध्येच असावा असे वाटते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर पॉटच्या पाठीच्या फटीत थोडासा फवारून बटण तीस-चाळीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवावे आणि तासभर वाळू द्यावे. रॉकेल, खोबरेल किंवा गंज सोडवण्याचा सर्वसाधारण फवारा वापरू नये. आज खरखर थांबते आणि सहा महिन्यांत धूळ धरून दुप्पट होते. माझ्याकडे आलेल्या एका सेटात कोणीतरी शिवणयंत्राचे तेल सोडले होते आणि पाच पॉट काढून धुवावे लागले. ते तेल टर्नटेबलच्या मोटरच्या बुशला एक थेंब एवढेच चांगले.

स्पीकर पुन्हा जोडण्याआधी एक मोजणी मेकॅनिककडून करून घ्यावी. स्पीकर काढून, गाणे न लावता, स्पीकरच्या छिद्रांवर मल्टिमीटरने डीसी दाब पाहावा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत असावे. काही व्होल्ट दिसले तर आउटपुट ट्रान्झिस्टर गेला आहे आणि जोडलेला स्पीकर काही सेकंदांत जळेल. चालू केल्यावर तीन-चार सेकंदांनी आतून ‘टक्’ असा रिलेचा आवाज येत असेल तर आपल्या सेटात यासाठीचे संरक्षण आहे, आणि तो ‘टक्’ कधी आला नाही तर सेट पुन्हा पुन्हा चालू-बंद करून पाहू नये.

मे अखेरच्या वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की भिंतीवरचे बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग ओढून काढावा आणि गच्चीवरून येणारी एरियलची तारही सेटापासून सोडवून खिडकीबाहेर टाकावी.